ल्यूटचे पडदे आणि सुरांचा हिशेब

गतवर्षीं नाताळच्या कार्यक्रमाची तालीम चालली असतां आठव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी घरची सतार घेऊन आला. शाळेच्या पेटीबरोबर ती वाजूं लागली तेव्हां षड्ज जुळला, पंचमही जुळला. परंतु गांधार कांहीं केल्या जुळेना. आम्हीं शिक्षकाच्या अधिकारानें त्यास सांगितलें, "बाळ, तुझा पडदा सरकला आहे. पेटीप्रमाणें लावून घे." त्यानें निमूटपणें पडदा सरकविला; पण जातांना दाराशीं थांबून विचारलें, "सर, हा पडदा बाबांनीं तंबोरा ऐकून बांधला होता. मग चूक पेटीची नाहीं कशावरून?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीं घाईनें विषय बदलला. पुढें सुटींत पुस्तकें चाळतां असें आढळलें कीं, हाच प्रश्न सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं युरोपांतील ल्यूट-वादकांस पडला होता, आणि त्यावरून गुरु-शिष्यांत जाहीर वादही माजला होता. त्या विद्यार्थ्याचें देणें आमच्याकडे राहिलें आहे. तें येथें फेडण्याचा प्रयत्न करितों.

ल्यूट हें नांव आमच्या पुष्कळ वाचकांनीं ऐकलें नसेल. अरबांचें 'ऊद' नांवाचें वाद्य युरोपांत गेलें आणि 'अल्-ऊद' या अरबी शब्दाचें तेथें 'ल्यूट' झालें. सोळाव्या शतकांत इटली, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड या देशांतील राजवाड्यांत व सुखवस्तु घरांत त्यास मोठा मान होता. त्याची पाठ म्हणजे लांकडाच्या पातळ, वांकविलेल्या पट्ट्या एकमेकींस चिकटवून केलेला पोकळ घुमट. आकार मधोमध चिरलेल्या नासपतीचा. वर पातळ फळी, तींत कोरलेली नाजूक जाळी. आणि खुंट्यांचा भाग मानेपासून मागें मोडल्यासारखा वळलेला. तारा धातूच्या नसत, आंतड्याची तात पिळून केलेल्या असत. पिंजाऱ्याच्या धनुकलीस जी तात असते तिचीच ही नाजूक बहीण समजावी. या तारांच्या सहा ओळी असत. सर्वांत उंच सुराची तार एकटी आणि बाकीच्या पांच जोडीनें, म्हणून एकूण अकरा तारा. पुढें खर्जाच्या बाजूस आणखी जोड्या वाढत गेल्या, पण त्यांची आज आपणांस गरज नाहीं.

आपल्या विषयाचा मुख्य भाग म्हणजे पडदे. सतारीचे पडदे धातूचे असले तरी ते दांडीस दोऱ्यानें बांधलेले असतात व सरकवितां येतात. ल्यूटचे पडदे तर तातीचेच; मानेभोंवतीं तात गुंडाळावयाची आणि कडेला गांठ मारावयाची, असे सात-आठ पडदे. मात्र दोन्ही वाद्यांत एक मोठा भेद आहे. सतारीवर राग वाजतो तो मुख्यतः एका तारेवर. बाकीच्या तारा साथीला. त्यामुळें गांधाराचा पडदा गांधारासाठींच असतो व वादक त्यास आपल्या कानाप्रमाणें बसवितो. ल्यूटवर तीन-चार स्वरपंक्ति एकाच वेळीं चालतात आणि एकच पडदा सर्व तारांखालून आडवा जातो. सगळें भांडण या आडव्या पडद्यांतून निघालें.

प्रथम मोकळ्या तारा पाहूं. जुने शिक्षक सांगत कीं, वरची तार तुटणार नाहीं इतपत उंच चढवावी आणि मग तिच्यावरून बाकीच्या लावाव्या. (ती कोठवर चढते हें कळण्यापूर्वीं किती तुटल्या असतील, याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं.) आपण सोयीसाठीं खालून मोजूं. सर्वांत खालच्या तारेचा सूर षड्ज मानिला तर दुसरी तार तिच्या मध्यमांत, तिसरी दुसरीच्या मध्यमांत, चौथी मात्र तिसरीच्या गांधारांत, पांचवी चौथीच्या मध्यमांत आणि सहावी पांचवीच्या मध्यमांत. म्हणजे चार मध्यम आणि मधें एक गांधार. असें केल्यावर पहिल्या व सहाव्या तारेंत बरोबर दोन सप्तकांचें अंतर पडावें, अशी अपेक्षा.

तें पडतें काय? विद्यार्थ्यांनीं कागद घेऊन आमच्याबरोबर गणित करावें. तार निम्मी केली कीं वरचा षड्ज मिळतो, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट होते. तीन-चतुर्थांश ठेविली तर मध्यम मिळतो, त्याचें प्रमाण ४/३. चार-पंचमांश ठेविली तर गांधार, त्याचें प्रमाण ५/४. हीं प्रमाणें साधीं असल्यामुळें ते सूर षड्जाबरोबर वाजले असतां कानास स्थिर लागतात. त्यांत थोडा फरक पडला कीं आवाज पाळण्यासारखा हेलकावूं लागतो. तंबोरा लावणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव आहे. आतां ४/३ हें प्रमाण चार वेळां घेऊन गुणाकार केला तर २५६/८१ येतात. त्यास ५/४ नें गुणिलें तर ३२०/८१. पण दोन सप्तकें म्हणजे चौपट, म्हणजेच ३२४/८१! पांचही अंतरें निर्दोष लाविलीं आणि बेरजेंत मात्र तूट आली. येथें वादकाचा दोष नाहीं, वाद्य करणाऱ्याचाही नाहीं; ती तूट त्या अंकांतच आहे.

३२४ आणि ३२० यांचें प्रमाण ८१ आणि ८० असें होतें. या तुटीस संगीतशास्त्रांत कॉमा म्हणतात. सप्तकाचे १२०० सारखे भाग कल्पून अंतर मोजण्याची एक रीत एलिस या इंग्रज पंडितानें १८८५ मध्यें पुढें मांडिली. त्या भागांस सेंट म्हणतात. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांत असे १०० सेंट असतात, आणि ही तूट सुमारें २१.५ सेंटांची. कागदावर ती क्षुल्लक दिसते. पण दोन तारा एकत्र छेडल्या कीं ती लपत नाहीं.

तूट आहे म्हटल्यावर ती कोणी तरी सोसली पाहिजे. कोणी सोसावी एवढाच काय तो प्रश्न. मध्ययुगांतील पंडितांनीं ती गांधाराच्या माथीं मारिली. चारही मध्यम शुद्ध ठेवावे आणि गांधार ५/४ ऐवजीं ८१/६४ घ्यावा, कीं बेरीज बरोबर येते. गणित सुटलें, पण गांधार चढा आणि कर्कश झाला. पुढें गायनांत गांधाराचें महत्त्व वाढलें, शेवटच्या विसाव्यालाही गांधार हवासा वाटूं लागला, तेव्हां तो कर्कशपणा कोणास सोसवेना. म्हणून दुसरी तोड निघाली. गांधार शुद्ध ठेवावा, कॉमाचे चार भाग करावे आणि एकेक भाग चारही मध्यमांस वांटून द्यावा. आपल्या ल्यूटवर मध्यम नेमके चारच आहेत हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. पिएत्रो आरोन या इटालियन लेखकानें १५२३ मध्यें पट्ट्यांच्या वाद्यांसाठीं ही रीत वर्णिली. आपण तीस मध्यस्वर पद्धति म्हणूं. तिसरी रीत म्हणजे सप्तकाचे बारा अगदीं सारखे तुकडे करणें. तींत मध्यम दोन सेंटांनींच ढळतो, परंतु गांधार जवळजवळ १४ सेंट चढा राहतो.

आमच्या शाळेची पेटी या तिसऱ्या पद्धतीची आहे. नीट लाविलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेंतून जो गांधार आपोआप ऐकूं येतो तो शुद्ध, म्हणजे ३८६ सेंटांचा. पेटीचा ४०० सेंटांचा. तेव्हां त्या विद्यार्थ्याच्या वडिलांचा पडदा सरकलेला नव्हता. चूक आमची होती, आणि ती येथें छापून कबूल करणें हें बोलून दाखविण्यापेक्षां सोपें जातें म्हणून येथें करितों.

आतां पुन्हां पडद्यांकडे वळूं. ऑर्गनमध्यें प्रत्येक सुराची नळी निराळी. कारागिरास मध्यस्वर पद्धति हवी असेल तर तो एकेक नळी तशी बसवूं शकतो. ल्यूटच्या पडद्यास ही मोकळीक नाहीं. पहिला पडदा घ्या. आपल्या मोजणीप्रमाणें तिसऱ्या तारेचा मोकळा सूर कोमल निषाद आहे. पडद्यावर बोट ठेविलें कीं शुद्ध निषाद निघाला पाहिजे. शेजारच्या चौथ्या तारेचा मोकळा सूर ऋषभ. त्याच पडद्यावर तेथें कोमल गांधार हवा. कोमल निषादापासून शुद्ध निषादापर्यंतचें शुद्ध प्रमाण २५/२४, आणि ऋषभापासून कोमल गांधारापर्यंतचें १६/१५. तार २४ इंच लांब धरिली तर पहिल्या कामासाठीं पडदा मेरूपासून ०.९६ इंचावर पाहिजे, दुसऱ्या कामासाठीं दीड इंचावर. पडदा एक, तारा शेजारीं-शेजारीं, आणि जागा मात्र दोन, अर्ध्या इंचाच्या अंतरावर! मध्यस्वर पद्धति घेतली तरी हें अर्ध्या इंचाचें अंतर तसेंच राहतें. बरें, दोहोंपैकीं एक सूर वर्ज्य करावा म्हटलें तर तेंही शक्य नाहीं. आपल्या पटदीपांत कोमल गांधार आणि शुद्ध निषाद जसे जोडीनें नांदतात तसेच ते त्या काळच्या शेंकडों ल्यूट-गतींत नांदतात.

यावर वादकांनीं नाना युक्त्या योजिल्या. ज्या गतीस जो सूर अधिक लागेल त्या बाजूस पडदा सरकवावा, ही सर्वांत साधी. लुईस दे मिलान यांनीं १५३६ मध्यें स्पेनमध्यें विहुएला या वाद्याचें एक शिक्षणपर पुस्तक छापिलें. विहुएला दिसावयास गिटारसारखें, पण तारा लावण्याची रीत ल्यूटचीच. त्या पुस्तकांत कांहीं गतींच्या आरंभीं चौथा पडदा थोडा सरकवून घ्यावा अशी सूचना आहे. दुसरे कांहीं वादक पहिल्या पडद्याजवळ एखाद-दोन तारांखालींच येईल असा लहानसा जादा पडदा चिकटवीत. तिसरी युक्ति बोटांची: तार दाबतांना किंचित ओढून किंवा ढकलून सूर सावरावयाचा. ही युक्ति चांगल्या वादकास न सांगतां येते, आणि वाईट वादकास ती सांगूनही उपयोग नाहीं.

या जादा पडद्यांवर ज्यांचा विशेष राग होता ते गृहस्थ म्हणजे फ्लॉरेन्सचे ल्यूट-वादक व्हिन्चेन्झो गॅलिलेई. दुर्बिणीनें गुरूचे चंद्र पाहणारा जो गॅलिलिओ, त्याचे हे वडील. ते व्हेनिसला जाऊन झार्लिनो या नामांकित पंडितांकडे शिकले. झार्लिनो यांनीं १५५८ मध्यें संगीतशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला होता. एकापासून सहापर्यंतच्या अंकांत सर्व सुसंवादी स्वरांचें मूळ आहे, आणि गायक निसर्गतः त्याच शुद्ध प्रमाणांत गातात, असें त्यांचें प्रतिपादन. शिष्य कांहीं वर्षें हें मानून चालला. पुढें त्यास शंका येऊं लागली: असे शुद्ध सूर गात गेलें तर तो कॉमा पदोपदीं आडवा येतो, आणि ल्यूट तर बारा सारख्या तुकड्यांवर सुखानें वाजतें आहे, मग खरें काय? १५८१ मध्यें त्यांनीं संवादरूपानें एक ग्रंथ लिहून गुरूंचीं मतें खोडून काढिलीं. गुरूंनीं १५८८ मध्यें उत्तर दिलें. शिष्यानें १५८९ मध्यें प्रत्युत्तर. वादाची भाषा दोन्हीकडे फारशी गोड नव्हती. गंमत अशी कीं, १५८८ च्या त्या उत्तरांत झार्लिनो यांनींही ल्यूटच्या मानेचे बारा सारखे भाग भूमितीनें कसे पाडावे याची रीत दिली आहे.

१५८१ च्या त्याच ग्रंथांत गॅलिलेई यांनीं पडदे बांधण्याची एक अतिशय सोपी रीत दिली. तारेच्या लांबीचे अठरा भाग करावे, एक भाग सोडून पहिला पडदा बांधावा; मग उरलेल्या लांबीचे पुन्हां अठरा भाग, एक सोडून दुसरा पडदा; असें पुढें. २४ इंचांच्या तारेवर पहिला पडदा १ १/३ इंचावर येतो, म्हणजे वर सांगितलेल्या दोन जागांच्या मधोमध नव्हे, तर दीड इंचाच्या जरा जवळ. काटेकोर बोलावयाचें तर ही रीत पूर्ण समान नाहीं. बारा पायऱ्या चढल्यावर तार निम्मी, म्हणजे १२ इंच, उरावयास पाहिजे. उरते सुमारें १२.०९ इंच. सूर बारा-तेरा सेंट कमी पडतो. पण पडद्यावर तार दाबली कीं ती थोडी ताणली जाते व सूर किंचित चढतो. त्यामुळें ही उणीव व्यवहारांत बरीचशी भरून निघते. पंडित कागदावर अडून बसतात तेथें कारागिराचें काम असें चालून जातें. अचूक समान तुकड्यांसाठीं अशी संख्या लागते कीं जी बारा वेळां घेऊन गुणाकार केला असतां २ येतील. ती सुमारें १.०५९४६. ती संख्या चीन देशांत मिंग राजकुलांतील झू झायू या राजपुत्रानें १५८४ च्या आपल्या ग्रंथांत फार बारकाईनें काढिली होती. गॅलिलेई यांच्या ग्रंथास तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं.

ल्यूटवर समान तुकडे प्रत्यक्ष वाजत होते यास चांगला पुरावा आहे. त्रिएस्त येथें राहणारे जाकोमो गोर्झानिस नांवाचे एक अंध ल्यूट-वादक होते. १५६७ च्या त्यांच्या एका हस्तलिखितांत नृत्यगतींच्या चोवीस जोड्या आहेत. बाराही सुरांस आळीपाळीनें षड्ज मानून प्रत्येकावर एक शुद्ध गांधाराची व एक कोमल गांधाराची. मध्यस्वर पद्धतीच्या ऑर्गनवर हें करूं जातां निम्म्या गती ऐकवणार नाहींत. अर्थात् यांतून दुसरी अडचण उभी राहते: ल्यूट आणि ऑर्गन एकत्र बसले कीं काय होणार? बोत्रिगारी या लेखकानें १५९४ मध्यें नेमक्या याच गोष्टीवर पुस्तक लिहिलें, आणि मोठ्या मेळांत वाद्यें एकमेकांशीं कां जुळत नाहींत याचीं कारणें सांगितलीं. आमची नाताळची तालीम त्यांच्या कानीं पडती तर त्यांस नवें कांहींच वाटलें नसतें.

गॅलिलेई यांची सर्वांत मोठी गोष्ट अजून राहिली. पायथागोरसची एक कथा अनेक शतकें पुस्तकांतून चालत आली होती. सारख्या दोन तारांस वजनें टांगावीं. एकीस दुसरीच्या दुप्पट वजन असेल तर ती एक सप्तक वर वाजते, असें तींत म्हटलें आहे. विद्वानांनीं ती एकमेकांच्या ग्रंथांतून उतरून घेतली. गॅलिलेई ल्यूट-वादक, रोज खुंट्या पिळणारे. त्यांनीं वजनें खरोखरच टांगून पाहिलीं, आणि सप्तक मिळावयास दुप्पट नव्हे तर चौपट वजन लागतें असें त्यांस आढळलें. लांबीला जो नियम लागतो तो ताणास जशाचा तसा लागत नाहीं; ताणाचें वर्गमूळ घ्यावें लागतें. गॅलिलिओ त्या सुमारास पंचविशींत होता, आणि तोही उत्तम ल्यूट वाजवी. वडिलांच्या या प्रयोगांत त्याचाही हात असावा असा तर्क कांहीं इतिहासकार करितात. १६३८ च्या आपल्या शेवटच्या ग्रंथांत त्यानें तारा, वजनें आणि सूर यांचा हा नियम पुन्हां मांडिला आहे.

हा प्रयोग आम्हीं यंदा वर्गांत केला. सोनोमीटरच्या तारेस प्रथम एक किलो वजन लाविलें व सूर ऐकून ठेविला. मग विचारलें, "दोन किलो लाविले तर?" बहुतेक हात सप्तकासाठीं वर गेले. दोन किलो लाविल्यावर निघाला तो तीव्र मध्यमाजवळचा सूर, आणि तो पहिल्या सुराशीं इतका फटकून वागला कीं वर्ग हंसूं लागला. चार किलो लाविल्यावर मात्र सप्तक स्वच्छ लागलें. ज्यांच्या घरीं सतार किंवा तंबोरा आहे त्या पालकांस एक विनंति कीं, मुलांनीं हा प्रयोग घरच्या वाद्यावर करूं नये.

पडद्यांच्या वादाचा निकाल सोळाव्या शतकांत लागला नाहीं. न्यूरेंबर्गचे हान्स गेर्ले यांनीं १५३२ मध्येंच पट्टी व कंपास घेऊन पडदे कसे आंखावे हें छापिलें होतें. इंग्लंडचे विख्यात ल्यूट-वादक जॉन डौलंड यांचीं तत्संबंधीं टिपणें त्यांच्या मुलानें १६१० मध्यें आपल्या पुस्तकांत घातलीं. त्यांतील पडदे बाराही सारखे नाहींत, आणि मध्यस्वर पद्धतीचेही नाहींत. पडद्यांची तात खुंट्यांकडे जाड घ्यावी आणि पुढें पुढें बारीक करीत जावी, म्हणजे तार मागच्या पडद्यास लागून खरखरणार नाहीं, अशी व्यवहाराची गोष्टही तेथें आहे. ज्यानें आयुष्य वाद्याशीं काढिलें त्याचें लिहिणें असें असतें.

आणि एवढें सगळें करून ठेविलें तरी तात ती तातच. हवा दमट झाली कीं ती ढळते, कोरडी झाली कीं पुन्हां ढळते. थॉमस मेस या इंग्रज ल्यूट-वादकानें १६७६ च्या ग्रंथांत असा सल्ला दिला आहे कीं, दिवसां वाद्य अंथरुणांत पांघरुणाखालीं ठेवावें म्हणजे तें कोरडें राहतें. मात्र त्या वेळीं त्या अंथरुणावर कोणास बसूं देऊं नये. जर्मनींत माटेझॉन यांनीं १७१३ मध्यें थट्टेनें लिहिलें कीं, ऐंशीं वर्षें जगलेल्या ल्यूट-वादकाचीं साठ वर्षें वाद्य लावण्यांतच गेलेलीं असतात. पुढें अठराव्या शतकांत ल्यूट मागें पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत आर्नोल्ड डोल्मेच यांनीं १८९३ मध्यें तें पुन्हां बनविलें, आणि आज युरोप-अमेरिकेंत तें शिकणारे पुष्कळ आहेत. तेही पडदे सरकवितात, आणि कोठें सरकवावे यावर अजून वाद घालितात.

यंदाच्या तालमीच्या वेळीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास त्याचा गांधार तंबोऱ्याप्रमाणें पुन्हां लावून घेण्यास सांगितलें. त्याच्या गीतापुरतें पेटीवाल्यानें षड्ज आणि पंचम एवढेच धरून ठेवावे, असें ठरविलें आहे.